राजवाडा चौपाटीवर बोलती कचराकुंडी ठेवायचीय, कुणी असलं काही केलंय का?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातल्यांना राजवाड्याजवळची चौपाटी काय असते ते सांगायला नको. संध्याकाळी गर्दी सुरू होते ती रात्री उशिरापर्यंत, पाणीपुरी, भेळ, पावभाजी, डोसा सगळं जोरात, आणि गाड्या बंद व्हायच्या वेळेला खाली बघवत नाही. द्रोण, कागदी प्लेटा, चमचे, टिश्यू, पाण्याच्या बाटल्या आणि त्या सगळ्यावर सांडलेलं चिंचेचं पाणी. कुंडी नाही असं नाही, पण ती लांब कोपऱ्यात, जवळ गेलं की वास येतो म्हणून लोक चार हातावरनंच नेम धरून फेकतात आणि निम्मं बाहेर पडतं.

आमच्या मंडळाकडं वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक राहिलेत आणि पोरांचं म्हणणं आहे की यावर्षी डीजे-बिजे सोडा, कायमचं काहीतरी गावासाठी करू. एकानं तो स्वीडनचा व्हिडिओ दाखवला, कुंडीत कागद टाकला की खोल विहिरीत काहीतरी पडल्यासारखा आवाज येतो आणि लोक वाकून बघतात, परत टाकायला काहीतरी शोधतात. तसलं काहीतरी मजेशीर आपल्याकडं करायचं, म्हणजे लहान पोरं तरी आईबापाला ओढत कुंडीपर्यंत नेतील.

आता शंका अशा की हे खरंच चालतं का नुसती चार दिवसांची नवलाई, आकार कसला ठेवायचा (पोरं म्हणतात पेंग्विन नको, ते सगळ्या बागांत आहेत), फायबरचं करावं का पत्र्याचं, आणि चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं. नगरपालिकेची परवानगी लागणारच ते माहीत आहे, अर्ज लिहायला घेतलाय. ज्यांनी कुठं बघितलंय, केलंय त्यांनी मनापासून लिहा, पैसे लोकांच्या वर्गणीचे आहेत त्यामुळं वाया घालवायचे नाहीत.

मेधा_पाटण

दादा, विचार फार आवडला. मी काही वर्षं नेदरलँड्समध्ये होते नोकरीसाठी, तिथं एफ्टेलिंग म्हणून मोठी बाग आहे, झुले, परीकथांचे देखावे वगैरे, आणि तिथं १९५९ पासून एक खादाड जाड्या बसवलाय, होले बोले खाईस त्याचं नाव. तोंडाचा मोठा आ करून बसलेला असतो आणि सारखा ओरडत असतो की कागद इकडं आणा. तोंडाजवळ कागद धरला की हवेनं आत ओढून घेतो आणि थँक्यू म्हणतो. मी स्वतः बघितलंय, लहान पोरं बागेत फिरताना दुसऱ्यांनी टाकलेले कागद गोळा करून आणतात, कारण त्यांच्याकडचे संपलेले असतात! एका मुलीनं तर बाबांच्या हातातलं बागेचं नकाशाचं पत्रक ओढून घेतलं आणि दिलं त्याच्या तोंडात. साठ वर्षांच्यावर झाली तरी पोरं रांगा लावतात, त्यामुळं नवलाई संपते हे सरसकट खरं नाही, पण एक लक्षात घ्या की त्या बागेत येणारं पोर दरवेळी नवीन असतं. चौपाटीवर येणारा माणूस तोच तोच असणार, त्याला महिनाभरात आवाजाची सवय होईल. म्हणून आवाज बदलता आला पाहिजे.

तुम्ही म्हणताय तो स्टॉकहोमचा व्हिडिओ २००९ चा, फोक्सवॅगन कंपनीच्या जाहिरात मोहिमेतला. त्या कुंडीत एका दिवसात ७२ किलो कचरा पडला, जवळच्या साध्या कुंडीपेक्षा ४१ किलो जास्त, असं त्यांनी सांगितलं होतं. पण तो एका दिवसाचा आकडा आहे आणि जाहिरातीसाठीचा आहे, तेवढं डोक्यात ठेवून बघायचं.

मला त्याहून जास्त पटलेला प्रयोग कोपनहेगनचा, २०११ चा. डेन्मार्कमधल्याच एका विद्यापीठाच्या लोकांनी रस्त्यावर कुंडीपर्यंत जाणारी हिरवी पावलं रंगवली, बास. मग येणाऱ्याजाणाऱ्याला कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटल्या आणि नंतर रस्त्यावर पडलेले कागद मोजले. पावलं असताना ४६ टक्के कमी कागद रस्त्यावर पडले. कसली बॅटरी नाही, फायबर नाही, डबाभर रंग. आणि स्वित्झर्लंडमध्ये लुसर्न शहरानं कुंड्यांपुढं जमिनीवर ठिकरीचे चौकोन आखले होते, लंगडी घालत जायचं आणि कागद टाकायचा. आपल्या पोरांना तर ठिकरी शिकवायची पण गरज नाही. तर दादा, पैसे कमी असतील तर पहिल्यांदा जमीन रंगवा, पुतळा नंतर.

मुकादमाचा_मुलगा

शाहूपुरीकर दादा, माझे वडील एका नगरपालिकेत सफाईचे मुकादम होते, रिटायर झालेत. तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोच लिहितो, की ती कुंडी रिकामी कोण करणार आणि कशी करणार.

हे हसण्यावारी नेऊ नका, पेंग्विन, ससे, जोकर ह्या सगळ्या कुंड्या बिघडतात त्या इथंच. बागेत ठेवलेला पेंग्विन एकदा जवळ जाऊन नीट बघा. तोंडाचं भोक जेमतेम टीचभर, आत पोकळ पोट, आणि खालून किंवा मागून दारच नसतं. म्हणजे करणाऱ्यानं टाकणाऱ्याचा विचार केला, काढणाऱ्याचा केलाच नाही. मग सफाई कामगारानं काय करायचं, तर तोंडातून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि मूठमूठ बाहेर काढायचं. आत काय असेल ते दिसत नाही, फुटकी बाटली असते, दाढीचं ब्लेड असतं, कुणीतरी लहान बाळाचं डायपर टाकलेलं असतं, कुजलेलं अन्न असतं. एक ताई होत्या वडिलांच्या हाताखाली, त्यांचा हात काचेनं कापलेला, टाके पडले होते, त्यानंतर त्या तसल्या कुंडीला हात लावायच्या नाहीत आणि वडिलांनी पण कधी जबरदस्ती केली नाही. मग कुंडी भरते, ओसंडते, कुत्री ओढतात, आणि लोक म्हणतात बघा कामगार काम करत नाहीत. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा ना.

म्हणून वडिलांचं सांगणं असं की आधी आतली बकेट ठरवा आणि मग तिच्याभोवती काय राक्षस-बिक्षस करायचा तो करा. बकेट एका माणसाला भरलेली उचलता आली पाहिजे, चौपाटीचा कचरा ओला असतो, चटणी, रगडा, उसळ, तो कागदापेक्षा लय जड होतो. फार मोठी बकेट ठेवलीत तर दोन माणसं लागतील आणि घंटागाडीवर दोन माणसं मोकळी असतीलच असं नाही. मोठी एक ठेवण्यापेक्षा मध्यम दोन ठेवा. मागं पूर्ण दार पाहिजे, बकेट सरळ बाहेर सरकली पाहिजे, उचलून वर काढायला लागली नाही पाहिजे. दाराला कडी पाहिजे, कुलूप नको, कारण किल्ली हरवते आणि मग ते दार दगडानं फोडलं जातं. आणि बुडाला भोक ठेवा, पावसाचं पाणी नि चटणीचं पाणी साचलं की अळ्या होतात.

दुसरं म्हणजे, अर्ज देताना नुसती ठेवायची परवानगी मागू नका, त्या भागाच्या मुकादमाला प्रत्यक्ष भेटा. गाडी किती वाजता येते विचारा. चौपाटी रात्री बंद होते आणि गाडी सकाळी येत असेल तर मधले तास कुत्र्यांचे आणि गुरांचे आहेत. त्याचा विचार आधी.

फायबरवाला_सांगली

वरच्या भावाला आणि त्याच्या वडिलांना नमस्कार, शंभर टक्के बरोबर बोललात. मी सांगलीत फायबरची कामं करतो, मंडळांचे देखावे, बागेतले प्राणी, दुकानापुढचे पुतळे. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक येतं ते फोटो दाखवतं आणि म्हणतं असा करून द्या, स्वस्तात द्या. मागं दार करायचं म्हणलं की साचा बदलतो, बिजागरी, चौकट, खर्च वाढतो, मग गिऱ्हाईक म्हणतं राहू दे दार. असं होतं ते. तुम्ही ऑर्डर देतानाच कागदावर लिहून द्या की दार पाहिजेच.

फायबर करा, पत्रा नको, चौपाटीवर मीठ-लिंबू-चिंच आणि वर साताऱ्याचा पाऊस, पत्रा सडणार. पण आतली बकेट मात्र पत्र्याचीच, गॅल्वनाइज्ड, कारण कुणीतरी पेटती बिडी टाकतंच आणि फायबर पेटतं, धूर पण वाईट असतो त्याचा. तोंडाची कड जाड घ्या आणि गोल वळवून घ्या, पोरं तिला लोंबकळतात, पातळ कड तुटली की काचेसारखी कापते. उन्हात रंग उडतो म्हणून वरनं चांगला क्लिअर कोट मारून घ्या. चोरीचं म्हणाल तर खाली काँक्रिटचा ओटा करून बोल्टनं आवळा, नुसता ठेवलेला पुतळा वाऱ्यानं पण पडतो.

तोंड दोन उंचीवर ठेवता आलं तर बघा. एक मोठ्यांच्या कमरेच्या वर आणि एक लहान पोराच्या छातीएवढं. देखाव्यात जसं मोठा राक्षस आणि त्याच्या मांडीवर पिल्लू असतं तसं करता येईल, दोघांची तोंडं एकाच पोटात.

सर्किट_सातारा

मी इंजिनिअरिंगला आहे, आवाजाचा भाग मी करून देतो दादा, पैसे नको. फार काही नाही त्यात, तोंडाच्या आत एक इन्फ्रारेड सेन्सर, कचरा आडवा गेला की सिग्नल, आणि मेमरी कार्डवरनं आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल मिळतं दीडदोनशेत. आवाजाच्या फाइली कार्ड काढून बदलता येतात म्हणजे मेधाताई म्हणाल्या ते पण होतं, दर आठवड्याला नवीन. अडचण दोनच, एक म्हणजे सेन्सरवर रगडा लागला की तो सारखा वाजत राहील, म्हणून तो वरच्या बाजूला, तोंडाच्या टाळूला लावायचा आणि पुसता येईल असा ठेवायचा. दुसरं, रात्री उशिरा आवाज बंद पाहिजे, आजूबाजूला घरं आहेत, त्यांनी तक्रार केली की सगळंच बंद पडेल. टायमर टाकू.

मतदानाची कुंडी पण करता येईल. लंडनमध्ये २०१५ ला सिगारेटच्या थोटकांसाठी केली होती, रोनाल्डो का मेस्सी, ज्याला मत द्यायचं त्याच्या खणात थोटूक टाकायचं, पुढनं काच असते त्यामुळं कोण पुढं आहे ते दिसतं. आपण भेळ का पाणीपुरी करू!

कराडची_सुनंदा

मतदान छान आहे पण काचेतनं रगडा लागलेली प्लेट दिसली तर खाणाऱ्याला नको वाटेल रे बाळा, ते फक्त बाटल्यांसाठी कर. रिकामी बाटली कोरडी असते, दिसायला वाईट नाही, आणि भंगारात पैसे पण येतात तिचे.

मी वेगळं सांगते. कराडनं २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला नंबर काढला, तो बोलत्या कुंडीनं नाही काढला. रोज दारात गाडी येते, ओला-सुका वेगळा घेतात, आणि नाही दिला वेगळा तर बायकाच एकमेकींना बोलतात. इंदूर बघा, २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं, त्यांनी तर रस्त्यावरची मोठी कोंडाळीच काढून टाकली, घरोघरी गाड्या सुरू केल्या आणि चालणाऱ्यांसाठी छोट्या जोडकुंड्या ठेवल्या. म्हणजे पहिला पाया उचलण्याचा आहे.

आणि चौपाटीवर खरा कचरा कुठं तयार होतो बघा. माणूस पाणीपुरी गाड्यासमोर उभं राहून खातो. शेवटची पुरी, मग मसाला पुरी, मग ते पाणी पितो आणि द्रोण रिकामा होतो तो गाड्यापासून दोन पावलांवर. त्या क्षणी हाताला जी जागा सापडते तिथं द्रोण जातो. वीस पावलांवर तुमचा राक्षस कितीही गोड बोलत असला तरी चिकट द्रोण हातात घेऊन मोठी माणसं जाणार नाहीत, पोरं जातील. म्हणून प्रत्येक गाड्याला एक डबा, झाकण नसलेला, गिऱ्हाईकाच्या बाजूला. गाडेवाले डबा ठेवतात पण आपल्या पायाशी ठेवतात, आतल्या बाजूला, तो गिऱ्हाईकाला दिसतच नाही. घनकचऱ्याच्या नियमात फेरीवाल्यांनी स्वतःचा डबा ठेवायचा आहेच, पण दंडाची भाषा करू नका, ती गरीब माणसं आहेत. मंडळानं एकसारखे डबे द्या, त्यावर त्या गाड्याचं नाव छान रंगवून द्या. नाव असलेला डबा कुणी घाण ठेवत नाही.

प्राण्यांचा आकार तर मुळीच नको असं माझं मत. गाय पिशवीसकट चटणी खाते, पोटात प्लास्टिक जाऊन मरते, आणि आपण पोरांना शिकवायचं की प्राण्याच्या तोंडात कचरा घाल? मला ते बघवत नाही बाई.

मेधा_पाटण

सुनंदाताई, प्राण्याचं तुम्ही म्हणालात ते मनाला लागलं. खरंच असा विचार केला नव्हता कुणी. आणि दादा अजून एक, साताऱ्यात आहात म्हणून लिहिते, मावळा, गड, तोफ असलं काही कुंडीला लावायला कुणी सुचवलं तर लगेच थांबवा. देवाचा फोटो तर नाहीच. लोकांच्या भावना आहेत आणि त्या बरोबर आहेत.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री मंडळाच्या पोरांना सगळं वाचून दाखवलं. मुकादम काकांचं वाचल्यावर सगळे गप्प झाले, त्या ताईंच्या हाताचं. मग ठरलं ते असं.

गाडेवाल्यांशी आधी बोलणार, सुनंदाताई म्हणतात तसे नाव घातलेले डबे देणार, पहिला खर्च तोच. मग जमिनीवर पावलं आणि ठिकरीचे चौकोन, त्याला एका रविवारचं काम. आणि उरलेल्यात एकच मोठी कुंडी, ती बकासुर. प्राणी नाही, देव नाही, आणि गाडाभर अन्न खाऊन पण ज्याचं पोट भरत नाही असा तोच. पोरं लगेच म्हणाली की आपल्याकडं बकासुर म्हणलं की आधी शर्यतीतला बैल आठवतो, असू दे, त्यानं उलट लोकांना नाव लक्षात राहील. आवाज आपल्या बोलीत, "आन की अजून, भूक लागलीया", "बाटली नगं, ती शेजारच्या खणात टाक" असलं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचा आवाज भारदस्त आहे, ते पूर्वी लोकनाट्यात काम करायचे, ते तयार झालेत आणि कालपासून तालीमच करतायत.

सांगलीच्या दादा, मोठा बकासुर आणि मांडीवर पिल्लू असं तुम्ही म्हणालात ते सगळ्यांना पसंत आहे, नंबर मेसेजमध्ये पाठवा. सर्किट, तू आमचा सख्खा भाऊ झालास. मुकादम काकांना विचारा की बकेट किती मोठी घ्यावी आणि घंटागाडीत ओतायला तिला काय असावं लागतं, कान का दांडा?

मुकादमाचा_मुलगा

विचारलं. वडील म्हणतात दोन्ही बाजूला कान पाहिजेत, दांडा नको, दांडा धरून जड बकेट उलटी करता येत नाही, हातात फिरते. वर रुंद आणि बुडाला थोडी निमुळती, म्हणजे आपटावं न लागता कचरा खाली पडतो. उंची साधारण गुडघ्याच्या वर वीतभर, त्याच्याहून उंच नको, गाडीच्या फाळक्यावर चढवताना खांदा भरून येतो. आणि एक बकेट जास्तीची करून ठेवा, भरलेली काढली की धुतलेली लगेच आत सरकवायची, नाहीतर ओतून परत येईपर्यंत बकासुराच्या रिकाम्या पोटात लोक टाकत राहतात आणि मग ते हातानं काढायला लागतं.

कुंडी बसवायच्या दिवशी ते स्वतः साताऱ्याला येतो म्हणाले. तुमच्या भागाच्या मुकादमाला आणि गाडीवरच्या माणसांना त्या दिवशी बोलवा, बकेट त्यांनाच पहिल्यांदा काढून-घालून बघू द्या, आणि त्यांनी अडतंय म्हणलं तर रंग मारायच्या आधी बदलून घ्या.

फायबरवाला_सांगली

म्हणजे रंगाच्या आधी एकदा नुसता सांगाडा घेऊन यायला लागेल. येतो. नंबर पाठवला आहे.